कुणाला पुजू, आणि कुणालाच नाही पुजलं तर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्षभर वाचन झालंय, ऋतूंचे सण तुम्ही पाळायला लागला आहात. ग्रीकांची हेकाटे, आयर्लंडची ब्रिगिड आणि उत्तर युरोपातला, म्हणजे नॉर्स देव ओडिन या तिघांचीही ओढ वाटते. जिथे तिथे वाचायला मिळतं की प्रत्येक पेगन माणसाचा एक आराध्य देव असतो आणि तो देवच माणसाला निवडतो. तुम्हाला मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही. मग निवड करायची कशी? आणि देव मानलेच नाहीत तर आपण पेगन उरतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. हो, उरतो. पेगन हा एकच धर्म नाही, युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवांपासून आणि निसर्गपूजेपासून स्फूर्ती घेणाऱ्या बऱ्याच वाटांना मिळून पडलेलं ते एक नाव आहे. विक्का या आधुनिक पंथात एक देव आणि एक देवी अशी जोडी मध्यभागी असते. आधुनिक ड्रुइड या निसर्गपूजकांमध्ये देव मानणारे, न मानणारे आणि त्याबद्दल अजून मत न बनवलेले असे सगळे एकाच वर्तुळात उभे राहतात. आइसलँडमधली, नॉर्स देवांची पूजा चालवणारी आसात्रू संघटना १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. तिचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन यांनी उघड सांगितलंय की देवांच्या कथांकडे ते काव्यातली रूपकं म्हणून बघतात. तरीही त्यांच्या हातून होणारं अर्पण हे अर्पणच असतं. आणि ही आजच्या काळाची सवलत आहे असंही नाही. आइसलँडच्या जुन्या गाथांमध्ये देवांना बाजूला ठेवून स्वतःच्या बळावर विश्वास ठेवणारी माणसं भेटतात. तिथल्या वसाहतींच्या जुन्या नोंदींमध्ये हेल्गी नावाचा एक माणूस आहे. त्याने ख्रिस्ताला मानलं, आपल्या वस्तीला ख्रिस्ताचं नाव दिलं, पण समुद्रावर निघताना आणि कठीण प्रसंगी तो जुन्या नॉर्स देवाचा, थॉरचाच धावा करायचा. त्याच्या श्रद्धेचा कप्पा शोधत बसलो तर तो सापडणार नाही, पण त्याला स्वतःला कधी अडल्यासारखं वाटलं असेल असंही दिसत नाही.

आता निवडीकडे येते. तुम्ही विचारलेला प्रश्न फार जुना आहे आणि तो लोकांनी अक्षरशः लिहून ठेवलाय. वायव्य ग्रीसमध्ये डोडोना इथे ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याचं देवस्थान होतं, तिथे लोक कौल मागायला यायचे. प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर टोकदार वस्तूने कोरायचा आणि पट्टी गुंडाळून किंवा दुमडून द्यायची. अशा ४,००० हून जास्त मजकुरांचं वाचन प्रसिद्ध झालंय. बोटभर पट्ट्या, वेडंवाकडं अक्षर, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारा एकच सूर: मी कोणत्या देवाला प्रार्थना करू, कुणाला बळी देऊ? हर्मोन नावाच्या एका माणसाने विचारलंय की आहेत त्यांच्या जोडीला माझ्या बायकोपासून, क्रेतायापासून, आणखी चांगली मुलं व्हावीत म्हणून मी कोणत्या देवाला शरण जाऊ?

हर्मोनचा प्रश्न पुन्हा वाचा. "माझा देव कोण?" असं तो विचारत नाही. "या कामासाठी कुणाकडे जाऊ?" असं विचारतो. त्याला संसार आहे, बायकोचं नाव आहे, एक इच्छा आहे, आणि त्यातून देवाचा प्रश्न उभा राहिलाय. आपण आज हे उलटं करतो. आधी देव ठरवायला बसतो आणि मग त्याच्याशी बोलायला विषय शोधतो. गेली बावीस वर्षं मी ग्रीक पद्धतीने घरगुती पूजा करते आहे, नवशिक्यांसोबत बसते आहे, आणि अडकलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाठ मला याच जागी दिसली. म्हणून मी कुणालाही विचारते ते एवढंच: तुमच्या आयुष्यात सध्या काय चाललंय? कुणाची काळजी घेताय? कशाची भीती वाटते? कोणतं काम रोज हातात येतं? देव त्या बाजूने येऊ द्या.

अर्थात प्रश्न नीट विचारणंही सोपं नसतं. इसवी सनपूर्व ४०१ मध्ये झेनोफॉन नावाचा एक अथेन्सवासी पर्शियाच्या राजपुत्राच्या मोहिमेत जायला निघाला. सॉक्रेटिसने त्याला सांगितलं, डेल्फीला, अपोलोच्या कौलाच्या देवस्थानी, जाऊन विचारून ये. त्याने अपोलोला विचारलं की हा प्रवास चांगला पार पडून मी सुखरूप परत यावं म्हणून कोणत्या देवांना बळी देऊ? देवाने नावं दिली. तो डेल्फीहून परत आल्यावर सॉक्रेटिस त्याच्यावर नाराज झाला. म्हणाला, जावं की न जावं हे आधी विचारायला हवं होतंस, तू ते स्वतःच ठरवून टाकलंस. देव निवडताना हे माझ्या कायम डोक्यात असतं. पुष्कळदा आपण देवाचं नाव विचारतो तेव्हा खरा निर्णय आधीच घेतलेला असतो, आणि आपल्याला फक्त त्यावर शिक्का हवा असतो.

झेनोफॉनची गोष्ट पुढेही उपयोगी आहे. मोहिमेच्या शेवटी तो इतका कफल्लक झाला की त्याला घोडा विकावा लागला. ओळखीच्या एका ज्योतिष्याने बळीची लक्षणं पाहून सांगितलं, तू झ्यूस मेलिखिओसला बळी दिलेला नाहीस, तोच आड येतोय. घरी असताना झेनोफॉन त्याला नेमाने बळी द्यायचा, प्रवासात राहून गेलं होतं. मधल्या काळात त्याने झ्यूसला बळी दिले नव्हते असं नाही, पण ते झ्यूस राजाला. दुसऱ्या दिवशी त्याने मेलिखिओसला बळी दिला, त्याच दिवशी पैसे घेऊन माणसं आली आणि घोडाही परत मिळाला. इथे देव एकच आहे आणि बिरुदं दोन. मेलिखिओस म्हणजे शांत करायचा, मनवायचा झ्यूस. तो सापाच्या रूपातही कोरलेला सापडतो. विजांचा झ्यूस वेगळा, कुंपणाचा झ्यूस वेगळा, कोठीघराचा वेगळा. म्हणून "मी झ्यूसला मानू की नको" हा प्रश्न फार मोठ्या मापाचा आहे. नवीन माणसाने देव निवडण्याऐवजी बिरुद निवडावं असं मी आग्रहाने सांगते. देव आकाशाएवढा असतो, बिरुद हातात मावतं.

माझ्या हातात मावलं ते कोठीघरातलं. झ्यूस क्तेसिओस म्हणजे घरातला साठा राखणारा. त्याची मूर्ती नसायची, एक लहान बरणी असायची. तिच्या कानांना पांढरी लोकर बांधायची आणि आत शुद्ध पाणी, ऑलिव्हचं तेल आणि सगळ्या प्रकारचं धान्य घालायचं, एवढी कृती एका जुन्या ग्रीक उताऱ्यात टिकून आहे. माझी बरणी मुठीएवढी आहे, मातीची, दोन कानांची. अमावस्येनंतर चंद्राची पहिली कोर दिसते त्या दिवशी, म्हणजे ग्रीकांच्या नूमेनियाला, मी ती उघडते. वर तेलाचा थर, खाली फुगलेले दाणे, आणि झाकण काढताच येणारा एक आंबूस, जड वास. ते सगळं बाहेर नेऊन झाडाच्या बुंध्याशी ओतते, बरणी घासते, लोकर बदलते, पुन्हा भरते. पंधरा मिनिटांचं काम. एका दमट महिन्यात मी टाळाटाळ केली आणि लोकरीवर काळी बुरशी चढली. ती बोटांनी सोडवताना मला जे कळलं ते कुठल्याच पुस्तकातून कळलं नव्हतं. हा देव माझ्या भावनांची वाट बघत नव्हता. बरणी धुतली जाते का, एवढंच तो बघत होता. त्या दिवसापासून "मला काहीच जाणवत नाही" ही तक्रार माझ्यापुरती संपली.

म्हणून सुरुवात जवळून करा. ग्रीक घरात अर्पणाचा पहिला वाटा हेस्टियाचा, म्हणजे चुलीतल्या अग्नीचा. तिच्या कथा जवळजवळ नाहीतच, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडतच नाही, आणि तरी तिच्याशिवाय काही सुरू होत नाही. रोमन घरांत लारेस असत, घराचे राखणदार. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत आजही स्वयंपाकघरांच्या भिंतींवर त्यांची चित्रं दिसतात, बहुतेकदा खाली एखादा साप. आइसलँडच्या सर्वांत जुन्या कायद्यात असं कलम असल्याचं सांगतात की जहाजाच्या टोकावरचं ड्रॅगनचं डोकं जमीन दिसायच्या आत उतरवून ठेवावं, नाहीतर तिथले भूमिरक्षक घाबरतील. हा कायदा मला फार आवडतो. यात कुणी देव निवडलेला नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात शिरताना दाखवायचं सौजन्य आहे. चूल, उंबरा, घराखालची जमीन, जवळचं पाणी आणि आपले गेलेले लोक. तुम्ही देव मानत नसलात तरी या पाचांपैकी एखादी गोष्ट तर खरीच आहे. तिला मान द्यायला श्रद्धेचा पुरावा लागत नाही. कित्येक जण आयुष्यभर इथेच राहतात आणि त्यांचं काही अपुरं राहिलंय असं मला कधी वाटलं नाही.

पण तुम्ही तीन नावं घेतली आहेत, म्हणजे ओढ आहे. मग अशा नावांबद्दल नक्की काय माहीत आहे आणि काय नंतर जोडलं गेलं, ते बघितलंच पाहिजे. यावर मी थोडी जास्त थांबते, कारण इथे फार गोंधळ आहे.

ईओस्त्रे हे नाव तुमच्या वाचनात आलंच असेल. वसंताची देवी, ससा, अंडी वगैरे. तिच्याबद्दल थेट लिहिलेला आधार एकच: बीड नावाच्या इंग्लिश भिक्षूने ७२५ च्या सुमारास कालगणनेच्या पुस्तकात लिहिलेली एक ओळ, की एका महिन्याला तिचं नाव होतं आणि तेव्हा तिचे सण होत. ससा नाही, अंडी नाहीत. १९५८ मध्ये जर्मनीत रोमन काळातले दीडशेच्या आसपास शिलालेख सापडले, ‘आउस्त्रियाहेनाय’ नावाच्या मातृदेवतांचे. नावातला धागा जुळतो म्हणून तिच्या अस्तित्वाला थोडं बळ मिळालं, पण तेवढंच. शिंगांचा देव सेर्नुनोस घ्या. पॅरिसमध्ये नोत्र दाम चर्चखाली १७१० साली सापडलेल्या दगडी स्तंभावर हे नाव आहे. डेन्मार्कमध्ये १८९१ साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवर सांबरशिंगी पुरुष मांडी घालून बसलाय, एका हातात कडं, दुसऱ्या हातात मेंढ्याच्या शिंगांचा साप. त्याच्यावर नाव नाही. आणि या देवाची एकही कथा उरलेली नाही, एकही. हेकाटेला ‘म्हातारी’ म्हणून ओळखतात, पण जुन्या ग्रीक चित्रांत ती तरुण स्त्री आहे. जुना ग्रीक कवी हेसिऑड याच्या काव्यात झ्यूस तिला सगळ्यांहून जास्त मान देतो, पृथ्वी, आकाश आणि समुद्र तिन्हींत वाटा देतो. कुमारी, माता आणि वृद्धा ही त्रिमूर्ती आजच्या रूपात लोकप्रिय झाली ती १९४८ सालच्या एका इंग्रज कवीच्या पुस्तकामुळे.

याचा अर्थ हे सगळं खोटं आहे असा नाही. नवं असणं हा दोष नाही. आठ सणांचं वर्षचक्रसुद्धा विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं आणि ते लाखमोलाचं आहे, मी स्वतः त्यातले दोन सण पाळते. फक्त जुनं आणि नवं यांतली रेघ तुम्हाला माहीत असावी. सेर्नुनोसला मानायचं असेल तर जवळजवळ रिकाम्या देवळात उभं राहायची तयारी हवी. तिथे सांगणारं कुणी नाही, सगळं तुम्हालाच हळूहळू ऐकावं लागेल. काहींना ते मानवतं. मला नाही मानवलं, मला स्तोत्रं लागतात.

आणि "अमुक देवी कशाची?" असे तक्ते असतात ना, प्रेमाची ही, धनाची ती, ते बाजूला ठेवा. देवांची अशी खाती पाडली की निवड बाजारातल्यासारखी होते. एक पूर्ण स्तोत्र वाचा. डिमिटर देवीच्या स्तोत्रात तिच्या पळवून नेलेल्या मुलीची, पर्सेफनीची, किंकाळी हेकाटे आपल्या गुहेतून ऐकते, मग हातात मशाल घेऊन शोधात फिरणाऱ्या आईला भेटते आणि जेवढं ऐकलं तेवढंच सांगते: आवाज ऐकला, कुणी नेलं ते पाहिलं नाही. दोघी मशाली घेऊन सूर्याकडे जातात. एवढ्या प्रसंगातून हेकाटे मला जितकी कळली तितकी कोणत्याही तक्त्यातून कळली नसती. अंधारात सोबत करणारी, जे माहीत नाही ते माहीत आहे असं न म्हणणारी.

निरनिराळ्या परंपरांतले देव एकत्र चालतात का, हेही तुमच्या मनात असणार. जुन्या जगात चालायचे. इंग्लंडमधल्या बाथ इथे गरम पाण्याचा झरा आहे, त्याची मूळची देवी सूलिस. रोमन आले, त्यांनी तिच्यात आपली मिनर्व्हा पाहिली, आणि देऊळ सूलिस मिनर्व्हाचं झालं. त्या पाण्यात शिशाच्या पट्ट्यांवर लिहिलेल्या तक्रारी सापडल्या, सुमारे १३०, बहुतेक चोरीच्या: माझा अंगरखा नेणाऱ्याला धडा शिकव. इसिस ही देवी इजिप्तमधून निघून रोमन साम्राज्यभर पोचली. तेव्हा देव प्रवास करतात आणि एकमेकांशेजारी बसतात. पण दोन पद्धती एकाच वेळी शिकणं हे दोन भाषा एकाच वेळी शिकण्यासारखं आहे. पहिलं वर्ष एकीतच काढा. ग्रीक देवाला ग्रीक रीतीने, नॉर्स देवाला नॉर्स रीतीने, म्हणजे निदान आपण काय करतोय ते कळतं.

यात एक हद्द मात्र मी पाळते. काही परंपरांचं दार बाहेरच्याला आपलं आपण उघडता येत नाही. हैतीतल्या व्होडू धर्मात लोआंशी, म्हणजे तिथल्या दैवी शक्तींशी, नातं पुरोहितांच्या आणि समाजाच्या मार्फत जुळतं, दीक्षा घ्यावी लागते. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा लोकांनी १९९३ साली आपल्या विधींची लूट करणाऱ्यांविरुद्ध जाहीर युद्धघोषणा केली होती. ज्यांचे पूजक आज हयात आहेत, त्यांच्या देवाबद्दल आधी त्या माणसांना विचारायचं. ते नको म्हणाले तर नको.

आणि उलट्या बाजूची गोष्ट तितकीच स्पष्ट सांगते, कारण तुमच्या यादीत ओडिन आहे. नॉर्स देव फक्त उत्तर युरोपच्या रक्ताच्या माणसांचे, असं सांगणारे गट भेटतील. त्यांच्यापासून दूर राहा. देव वंशावळ तपासतात याला जुन्या साहित्यात आधार नाही. त्या कथांमध्ये स्वतः ओडिनची आई राक्षसकुळातली आहे. आइसलँडच्या आसात्रू संघटनेनेही आपला धर्म वंशवादासाठी वापरणाऱ्यांना जाहीर नकार दिलाय. एखाद्या गटात शिरायच्या आधी हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर निघा.

आता बोलावण्याबद्दल. कावळा दिसला म्हणजे ओडिन, कुत्रा मागे आला म्हणजे हेकाटे, असं मीही सुरुवातीला करत होते. नंतर लक्षात आलं की जुने लोक खुणांची वाट बघत नसत, आधी प्रश्न मांडत. इंगोल्फुर आर्नार्सन आइसलँडच्या किनाऱ्यापाशी आला तेव्हा त्याने आपल्या उच्चासनाचे खांब समुद्रात टाकले आणि जाहीर केलं की हे जिथे लागतील तिथे वस्ती करीन. मग त्याची माणसं काही वर्षं किनारा धुंडाळत राहिली. सापडले तिथे आज रेकयाविक आहे. खूण काय मानायची ते आधी ठरलं होतं, वाट बघायची तयारी होती, आणि उत्तर गैरसोयीचं आलं तरी ते मानलं गेलं. त्याच्या एका गुलामाने कुरकुर केली की चांगल्या जमिनी ओलांडून आपण या उघड्या टोकावर राहायचं का! हे तिन्ही नसेल तर दिसलेला कावळा हा कावळाच, आणि तोही बघण्यासारखा पक्षी आहे.

जाणवलंच नाही तर? जुनी पूजा करण्यावर उभी होती, वाटण्यावर नाही. अर्पण झालं की झालं. कधी तरी, वर्षांनी, अचानक खोली भरल्यासारखी वाटते. माझ्या बावीस वर्षांत असं मोजून पाच वेळा झालंय. बाकीचे सगळे दिवस पाणी, दिवा आणि म्हटलेली ओळ. आणि याच्या उलट, हुकूम देणारे आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, जेवण तुटलं, भीती वाटू लागली, तर पूजा थांबवा आणि डॉक्टरकडे जा. देवाचा त्यात काही अपमान नाही. ग्रीकांचा अस्क्लेपिओस तर वैद्यांचाच देव होता.

सगळ्यात जास्त नुकसान मी नवसांमुळे झालेलं पाहिलंय, स्वतःचंही. चौथ्या वर्षी उत्साहाच्या भरात मी अपोलोला शब्द दिला की आयुष्यभर रोज सूर्योदयाला स्तोत्र म्हणेन. अकराव्या आठवड्यात घरात आजारपण आलं, रात्री जागून काढाव्या लागल्या, आणि सूर्योदय माझ्या लक्षातही राहीना. शब्द मोडला. मग लाजेपोटी मी त्याच्यासमोर गेलेच नाही, पुढे बाकीच्यांसमोरही नाही, असं दीड वर्ष गेलं. परत आले तेव्हा आधी उभं राहून मोठ्याने सांगितलं की मी शब्द मोडला. मग भरपाई म्हणून जे देणं शक्य होतं ते दिलं आणि नवा, लहान शब्द दिला: दर चांद्रमासाच्या सातव्या दिवशी, कारण सातवा दिवस अपोलोचाच. तो आजवर पाळलाय. ‘हावामाल’ या जुन्या नॉर्स काव्यात या अर्थाचं सांगितलंय की अति अर्पण करण्यापेक्षा काही न मागितलेलं बरं, कारण भेट नेहमी परतफेडीकडे डोळे लावून असते. आणि गाथांमधल्या ह्राफ्नकेलची गोष्ट तर वाचाच. त्याने फ्रे देवाला सगळ्या चांगल्या गोष्टींत अर्धा वाटा दिला. आपला लाडका घोडाही अर्धा देवाचा केला आणि शपथ घेतली की परवानगीशिवाय यावर जो बसेल त्याला मारीन. एक गरीब मेंढपाळ पोरगा बसला. ह्राफ्नकेलला तो आवडायचा, तरी शपथेपायी त्याने त्याला मारलं, आणि तिथून त्याचं सगळं गेलं. शेवटी तो म्हणाला, देवांवर विश्वास ठेवणं हा मूर्खपणा आहे, आणि पुन्हा कधी अर्पण केलं नाही. फ्रेने त्याच्याकडे ती शपथ मागितली होती असं गाथेत कुठेही नाही.

एकच देव धरला तर बाकीच्यांचं काय, याची काळजी नको. बाकीच्यांना तुच्छ लेखू नका म्हणजे झालं. इसवी सनपूर्व ४२८ मध्ये अथेन्समध्ये एक नाटक झालं. त्यातला हिप्पोलिटस आर्टेमिसचा एकनिष्ठ भक्त, तिच्यासाठी अस्पर्श कुरणातल्या फुलांचा हार आणतो. त्याचा म्हातारा सेवक विनवतो की दारातल्या अफ्रोडाइटीलाही नमस्कार कर. तो म्हणतो, मी तिला लांबूनच नमस्कार करतो. त्याचा नाश भक्तीने नाही झाला, त्या लांबूनच्या नमस्काराने झाला. दारात उभं असलेल्याला मान द्यायचा, त्याला घरात घ्यायलाच हवं असं नाही.

आता तुमच्या तिघांबद्दल, तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलंय त्यावरून. ओडिनला सध्या थांबवा. तुम्हाला त्याचं ज्ञान हवंय, पण त्याच्या कथांत त्या ज्ञानाची किंमत एक डोळा आणि नऊ रात्री झाडावर टांगून घेणं आहे. आधी निदान मूळ काव्यं वाचून संपवा. ब्रिगिड तुमच्या कामाच्या जवळची दिसते, कारण तुम्ही लिहिता आणि आजारी माणसाची शुश्रूषाही करता. आयर्लंडच्या जुन्या शब्दकोशात ती कवींची देवी आहे आणि तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, एक लोहारकामाची. किल्डेअरमध्ये तिच्याच नावाच्या संत ब्रिगिडचा अग्नी १९ नन एकेक रात्र राखायच्या, आणि विसाव्या रात्री लाकडं रचून म्हणायच्या, ब्रिगिड, आजची रात्र तुझी, तुझा अग्नी तूच सांभाळ. तो विझलेला अग्नी १९९३ साली तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी पुन्हा पेटवला. म्हणजे ही वाट अजून वाहती आहे, आणि तिच्यावर ख्रिस्ती माणसंही चालतायत, हे लक्षात ठेवून नम्रपणे जा. विसाव्या रात्रीची ही सुट्टी, रोज रात्री जागणाऱ्या तुमच्यासारखीला उपयोगी पडेल.

हेकाटेसाठी वेगळं काही ठरवू नका. महिन्याच्या शेवटच्या अंधाऱ्या रात्री ग्रीक लोक घर झाडून तिचा वाटा तिठ्यावर ठेवायचे. येत्या अमावस्येला तेवढंच करा. घर झाडा, जनावराला अपाय होणार नाही असं थोडंसं काही तीन वाटा मिळतात तिथे ठेवा, स्वतःचं नाव सांगा, "मी नवीन आहे, काही मागत नाही" एवढंच म्हणा, आणि मागे न बघता घरी या. असं तीन अमावस्यांना करा. चौथ्या अमावस्येला तुमचे पाय आपोआप त्या तिठ्याकडे वळले, तर मला पुन्हा लिहा. नाही वळले तरी लिहा, मग आपण चुलीपासून सुरू करू.